काच आणि साक्ष

बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन्ही जिल्ह्यांस समुद्र नाही. मांजरा, कारंजा, भीमा ह्या नद्यांचे पाणी आमच्या ओळखीचे. परंतु खाऱ्या पाण्याची लाट पाहावयाची तर पूर्वेस वा पश्चिमेस शेकडो मैल जावे लागते. गोवे-कारवारकडील आमच्या कोंकणी वाचकांना समुद्र हा अंगणातला शेजारी. आम्हां घाटावरच्यांना तो ऐकीव. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. मराठी घरांतून पिढ्यानपिढ्या अंथरली गेलेली शहाबादी फरशी ही ह्याच कलबुर्गी जिल्ह्यातील चुनखडकाची, आणि तो चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे असलेल्या एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. तेव्हा पृथ्वीवर मासे अद्याप जन्मास यावयाचे होते. म्हणजे एका जुन्या समुद्राच्या तळावर पाट मांडून आम्ही जेवतो, आणि समुद्र पाहिला नाही म्हणून हळहळतो.

अशा आम्हां लोकांकडे समुद्र येतो तो काचेतून. बिदरहून लातूरमार्गे वा कलबुर्गीहून सोलापुरावरून मुंबईस गेलेली कितीतरी कुटुंबे मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय पाहून परतत. तारापोरवाला ह्या पारशी घराण्याच्या देणगीच्या साहाय्याने उभे राहिलेले हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते लोकांस खुले झाले. २०१५ साली त्याचे नूतनीकरण होऊन, ज्याच्या खालून चालत जाता येते असा पारदर्शक बोगदा तेथे बसविण्यात आला. २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे मिटली, आणि पुढे इमारतच जीर्ण ठरली. परंतु लोकांची हौस मिटलेली नाही. अलीकडे दख्खनमधील शहरांच्या प्रदर्शनांतून 'पाण्याखालचा बोगदा' म्हणून एक दालन उभारतात. तिकीट काढून माणसे आत जातात, आणि आत शिरताच प्रत्येकाचा हात खिशातील मोबाइलकडे जातो.

काचेआड पोहणाऱ्या जीवाचे मोबाइलने छायाचित्र घेणे ह्या कृतीत धर्माधर्माचा काही प्रश्न आहे काय, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय. विषय क्षुल्लक आहे असे काही वाचक म्हणतील. खून, फसवणूक, वारसा ह्यांचे खटले चालविणाऱ्या माणसाने माशाच्या तसबिरीवर लेखणी झिजवावी, हे त्यांस हास्यास्पदही वाटेल. परंतु आमचा अनुभव असा आहे की, नीतीचे मोठे प्रश्न सहसा मोठ्या प्रसंगी सुटत नाहीत. ज्या लहान कृती आपण विचार न करता दिवसातून दहादा करतो, त्यांतच त्यांचा निकाल आधी लागून गेलेला असतो.

हा विचार आमच्या मनात उभा करण्याचे श्रेय एका वृद्ध बाईंस आहे. आमच्या परिचयातील एका घरचा मुलगा २०१९ साली मुंबईहून परतला व मोबाइलमधील चित्रे घरच्यांस दाखवू लागला. निळ्याशार पाण्यात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा पंख पसरून तरंगत होता. चित्र खरोखर देखणे होते. त्याच्या आजींनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारले, "तू समुद्रात उतरला होतास की काय रे?"

"नाही आजी, काचेतून काढलाय."

"मग काच कुठं आहे?"

मुलगा हसला व म्हणाला, "काच दिसू द्यायची नसते, आजी. तीच तर खरी कला."

आजींनी मान डोलावली व त्या आपल्या वाती वळू लागल्या. त्यांच्या प्रश्नास उत्तर मिळाले, असे त्या मुलास वाटले. आम्हांस तसे वाटले नाही.

मुलाचे म्हणणे शास्त्रापुरते अगदी बरोबर होते. मत्स्यालयात चांगले चित्र घेण्याचे जे काही नियम जाणकार सांगतात, ते बहुतेक सर्व काच नाहीशी करण्याचे आहेत. मोबाइलचे भिंग काचेस जवळजवळ टेकवावे, म्हणजे मागच्या दिव्यांचे व आपल्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब उमटत नाही. मोबाइल काचेस सरळ धरावा. तिरपा धरला तर आकृती फाटते. अंगात गडद कपडे असावेत. फ्लॅश बंद ठेवावा, कारण त्याचा प्रकाश काचेवर आपटून परत फिरतो आणि चित्रात माशाऐवजी एक पांढरा डाग उरतो. टाकीचे कोपरे, पाणी खेळविणारी नळी, शेजारच्या टाकीवरील नावाची पाटी ही सर्व चौकटीबाहेर ठेवावी. हे सारे साधले की उरतो तो केवळ मासा आणि अथांग निळेपणा.

मत्स्यालय बांधणारेही ह्या कामी पाहणाऱ्यास साहाय्य करतात. प्रेक्षक अंधारात आणि मासा उजेडात, ही तेथील रचनाच अशी असते की मधली काच डोळ्यांस जाणवू नये. पाठीमागच्या भिंतीस निळा रंग दिलेला असतो. त्यामुळे तीन हातांची खोली तीन कोसांची भासते. पाण्याचा स्वभावही फसवा. त्यातील वस्तू प्रत्यक्ष अंतराच्या सुमारे पाऊण अंतरावर आहे असे बाहेरून दिसते. आणि रंगाविषयी तर एक विलक्षण गोष्ट आहे. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश फार लवकर शोषून घेते. काही वाव खाली गेले की तांबडा मासा करडा, काळपट दिसू लागतो. मत्स्यालयात दिवा वरून दोन हातांवर असल्यामुळे तो लालभडक दिसतो. म्हणजे समुद्र म्हणून जे चित्र आपण घरी आणतो, त्यातील रंगदेखील पुष्कळदा समुद्रातला नसतो.

आता आरोपांचा क्रमाने विचार करू. पहिला आरोप इजेचा. बहुतेक माशांस पापण्या नाहीत. त्यांस डोळे मिटून घेण्याची सोय निसर्गाने दिलेली नाही. सोसत नसलेल्या उजेडापासून आपण क्षणात तोंड लपवितो. टाकीतील मासा फार तर दुसऱ्या कोपऱ्यात जाईल. म्हणून अनेक मत्स्यालये फ्लॅशला मनाई करतात, आणि अष्टपादासारख्या उजेडास बुजणाऱ्या जीवांपुढे तर ती कटाक्षाने पाळावयास लावतात. तथापि पुरावा जेवढा आहे तेवढाच मानावा, ही आमच्या व्यवसायाची शिकवण आहे. समुद्रघोडे आणि तळाशी राहणारे काही मासे ह्यांवर फ्लॅशचा परिणाम काय होतो, ह्याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, नुसत्या प्रकाशाने त्यांस फारशी इजा होत नाही. चित्र नीट यावे म्हणून पाणबुडे त्यांस हाताने हलवितात, ढोसतात, त्याने मात्र ते स्पष्टपणे त्रस्त होतात. मत्स्यालयापुरते ह्याचे तात्पर्य काढावयाचे तर असे की, मासा तोंड वळवीत नाही म्हणून काचेवर टकटक करणारे बोट हे दिव्याहून अधिक दोषी असावे. ज्याने फ्लॅश लावला नाही, काच ठोकली नाही, वाट अडविली नाही, त्याच्यावर इजेचा आरोप टिकणार नाही. चित्र घेतल्याने माशाचे कातडे खरचटत नाही की त्याचे आयुष्य तिळभर कमी होत नाही. ह्या कलमाखाली आम्ही त्या मुलास निर्दोष सोडतो.

परंतु इजा नाही म्हणजे ऋणही नाही, असे ठरत नाही. तो मासा त्या टाकीत कशासाठी आहे? तो कोणाचे अन्न नाही, कोणाचे ओझे वाहत नाही, कोणाच्या दाराची राखण करीत नाही. तो तेथे आहे तो केवळ दिसण्यासाठी. त्याच्या बंधनाचे एकमेव प्रयोजन म्हणजे आपली दृष्टी. न्यायालयात आम्ही पाहतो की, चोरीचा माल चोराने आणला तरी तो जाणूनबुजून घेणारा कायद्याबाहेर राहत नाही. आम्ही मत्स्यालयास चोरीचा माल म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या गोष्टीचे प्रयोजन आपण आहोत, तिच्या जबाबदारीतून केवळ तिकिटाचे पैसे देऊन आपली सुटका होत नाही.

मासा भांड्यात ठेवण्याची आपल्याकडील सर्वांत प्राचीन कथा शतपथ ब्राह्मणात आहे. मनूने सकाळी हात धुण्यास पाणी घेतले तो त्याच्या ओंजळीत एक लहानसा मासा आला व बोलू लागला. मला सांभाळ, पुढे मी तुला सांभाळीन, असे त्याने सांगितले. कसे सांभाळू, असे मनूने विचारताच माशाने जे उत्तर दिले त्यात आमच्या मते मत्स्यालयाचा सगळा धर्म आलेला आहे. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हांस गिळतात. म्हणून आधी मला घटात ठेव. घट पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव. तोही अपुरा पडला की मला समुद्रात ने. मनूने तसे केले. भागवतातील सत्यव्रत राजाच्या कथेतही हाच क्रम आहे. कमंडलूपासून आरंभ आणि सागरात शेवट.

ह्या कथेत बंधन आहेच. घटातील मासा मोकळा नव्हे. परंतु ते बंधन माशासाठी होते, मनूच्या डोळ्यांसाठी नव्हते. आणि भांडे दर वेळी मोठे होत गेले. आमचा क्रम नेमका उलटा आहे. आम्ही समुद्रातला मासा टाकीत आणतो, टाकीतला मासा तळहाताएवढ्या पडद्यावर आणतो, आणि तेथून तो शेकडो चित्रांच्या गर्दीत असा हरवतो की, पुन्हा कोणी त्याच्याकडे पाहतही नाही. मोबाइल हे माशासाठी आजवर निघालेल्या भांड्यांत सर्वांत लहान भांडे होय.

ज्या भयापासून मनूने माशास वाचविले त्याला आपल्या राजनीतीत मात्स्यन्याय असे नाव आहे. मोठ्याने लहानास गिळावे ही स्थिती संपविण्यासाठी दंड, म्हणजे राजाची शासनसत्ता, असे कौटिल्य मानतो. त्या दृष्टीने पाहता आधुनिक कायद्याने माशास अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. तीत मासा येतो. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात वा भांड्यात प्राणी कोंडून ठेवणे हा त्या अधिनियमान्वये छळ ठरतो. राज्यघटनेत १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घातली गेली, त्यांत सजीवांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य प्रत्येक नागरिकावर आहे. ते केवळ सरकारवर नाही. २०१७ साली मत्स्यालये व शोभेच्या माशांची दुकाने ह्यांसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र नियम काढले. पण ते टिकले नाहीत, मागे घेण्यात आले. म्हणजे तत्त्व लिहिलेले आहे, आणि त्याचे माप ठरविण्याचे काम पुष्कळसे पाहणाऱ्याच्या विवेकावर राहिले आहे.

येथे आमचे किनाऱ्यावरचे वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ज्या घरांत बांगडा-सुरमईवाचून जेवण होत नाही, त्यांस माशाच्या तसबिरीची नीती शिकविणे हा ढोंगीपणा नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मासा खावा की न खावा, हा ज्याच्या त्याच्या कुळाचाराचा प्रश्न. त्यात आम्ही पडत नाही. परंतु खाणारा आपण काय घेतो हे जाणतो. कोळी नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहतो, तो ह्याच जाणिवेने. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. घेणाऱ्याने कोठे थांबावे ह्याची ती कायद्याने आखलेली मर्यादा आहे. घेणे उघड असले की त्यास मर्यादा घालता येते. केवळ पाहणारा मात्र समजतो की, मी काहीच घेतले नाही. आणि ज्याने काही घेतलेच नाही त्याला थांबण्याचे कारणही उरत नाही. ह्या अर्थाने कोळ्याचे जाळे आमच्या मोबाइलपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. काच कुठे आहे? साक्षीदारास न्यायालयात जी शपथ देतात तिचे तीन भाग आहेत: सत्य सांगेन, संपूर्ण सत्य सांगेन, आणि सत्याखेरीज काही सांगणार नाही. हे तीन भाग एकमेकांची पुनरुक्ती आहेत असे सामान्य माणसास वाटते. तसे नाही. मासा तेथे होता, त्याचे पंख असेच होते. म्हणजे पहिला भाग त्या मुलाच्या चित्राने पाळला. परंतु ते चित्र सांगते की हा मासा अथांग पाण्यात राहतो. त्याची हद्द तीन हातांवर संपते, ही गोष्ट चित्राने लपविली; आणि ती गोष्ट त्या माशाच्या आयुष्यात सर्वांत मोठी आहे. दुसरा भाग येथे मोडला. खोटे न बोलता खोटा समज करून देणे शक्य असते, हे प्रत्येक वकिलास पहिल्या वर्षीच कळते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, जो १ जुलै २०२४ पासून अमलात आला, यंत्रातून काढलेले छायाचित्र पुराव्यात आणावयाचे तर त्याबरोबर ते कोणत्या यंत्राने व कोणत्या रीतीने सिद्ध झाले ह्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती. म्हणजे चित्राने आपला जन्म कसा झाला हे सांगितलेच पाहिजे, एवढी अपेक्षा कायदाही करतो.

ह्यावर कलावंत म्हणेल की, चित्र म्हणजे शपथपत्र नव्हे. निवड हाच कलेचा प्राण, आणि चित्रकाराने अंगणातला उकिरडा चित्रात काढला नाही म्हणून त्यावर खटला कोणी भरीत नाही. हे खरे. परंतु चित्रकार कल्पनेचे चित्र काढतो तेव्हा पाहणारासही ते ठाऊक असते. मोबाइलचे चित्र दाखविणारा मात्र 'मी हे पाहिले' असे म्हणून दाखवितो. त्या क्षणी तो कलावंत न राहता साक्षीदार होतो. शिवाय उकिरडा वगळल्याने कोणाचे दुःख वगळले जात नाही. काच वगळली की कैद वगळली जाते. कारागृहातील माणसाचे चित्र घेताना गज तेवढे चौकटीबाहेर ठेवले, आणि पाहणारे म्हणाले की हा गृहस्थ किती शांत बसला आहे, तर त्या चित्रास आपण सुंदर म्हणू काय?

मासा म्हणजे निर्बुद्ध जीव, त्यास कैद काय आणि मोकळीक काय, असे कोणी म्हणेल. त्याने अलीकडचे एक संशोधन लक्षात घ्यावे. प्रवाळांच्या वस्तीत बोटाएवढा एक मासा असतो. इतर माशांच्या अंगावरील किडे वेचून खाणे हा त्याचा धंदा. आरशात पाहून आपल्या अंगावरील डाग ओळखण्याची परीक्षा तो उत्तीर्ण होतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याविषयी मतभेद झाले. पुढे २०२३ साली ओसाका येथील कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, आरशाची ओळख झालेल्या ह्या माशापुढे त्याचे स्वतःचे व परक्या माशाचे छायाचित्र ठेवले असता, तो परक्याच्या चित्रावर धावून जातो, स्वतःच्या चित्रावर जात नाही. माशास आत्मज्ञान आहे असे ह्यावरून कोणी ठरवू नये. पण ज्याचे छायाचित्र आपण निष्काळजीपणे घेतो, त्यांपैकी एखादा ते छायाचित्र ओळखू शकतो, एवढे जरी खरे असले तरी काचेच्या दोन बाजूंमधील अंतर आम्ही समजत होतो त्यापेक्षा कमी आहे.

चित्र घेणाराचे स्वतःचे काही जाते काय, हाही प्रश्न आहे. लिंडा हेंकेल ह्या अमेरिकन विदुषींनी एका संग्रहालयात काही विद्यार्थ्यांस नेले, काही वस्तूंची चित्रे घ्यावयास व काही नुसत्या पाहावयास सांगितले. ज्यांची पूर्ण चित्रे घेतली, त्या वस्तू विद्यार्थ्यांस कमी आठवल्या. नुसत्या पाहिलेल्या अधिक आठवल्या. मात्र एखादा भाग निरखून त्याचेच चित्र घेतले, तेव्हा ही विस्मृती दिसली नाही. हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोष यंत्राचा नसून, आता यंत्र लक्षात ठेवील म्हणून आपण लक्ष काढून घेतो, त्याचा आहे.

आमच्या ह्या मुलखावर दत्तसंप्रदायाची छाया आहे. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात. श्रीमाणिकप्रभूंचे माणिकनगर बिदर जिल्ह्यात, हुमनाबादेजवळ. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजास आपले चोवीस गुरू सांगणारा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच, असे परंपरा मानते. त्या गुरूंत समुद्र आहे, मासा आहे आणि पतंगही आहे. मासा जिभेच्या मोहाने गळास लागतो. पतंग रूपाच्या मोहाने दिव्यात पडतो. आजवर आम्ही ही दोन उदाहरणे वेगवेगळी वाचीत आलो. मत्स्यालयाच्या अंधाऱ्या दालनात उजळलेल्या टाकीपुढे, हातातील उजळलेल्या पडद्यांसह झालेली माणसांची दाटी पाहिली म्हणजे दोन्ही गुरू एकाच ठिकाणी भेटतात. एक काचेच्या आत, दुसरा बाहेर.

देवळात जाणाऱ्यांस दर्शन ह्या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपण देवास पाहतो इतकेच ते नसते. देवाची दृष्टी आपल्यावर पडावी ह्यासाठी आपण उभे राहतो. म्हणूनच २०२३ च्या जुलैत कर्नाटकाच्या मुजराई खात्याने आपल्या अखत्यारीतील देवळांत मोबाइल वापरण्यास बंदी केली, तेव्हा अनेक भाविकांस ते मनापासून पटले. जेथे आपण पाहिले जातो, तेथे केवळ पाहणाऱ्याच्या तोऱ्याने उभे राहू नये, हा त्यामागील भाव. माशास देव मानावे असे आम्ही सुचवीत नाही. पण देवापुढे जी रीत शिकलो, तिचा काही अंश देवाने निर्मिलेल्या जीवापुढे उपयोगी पडू नये काय?

आणि काचेवाचून मासे पाहण्याची सोय आपल्या देवस्थानांनीच शतकानुशतके करून ठेवलेली आहे. शृंगेरीस तुंगेच्या घाटावर निर्भयपणे पायांशी येणारे मासे आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असतील. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील शिशिल येथे कपिला नदीत, महाडजवळील वाळण कोंडीत वरदायिनीच्या आश्रयाने, वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेत शिवालयाच्या पायथ्याशी, असे देवाचे मासे आहेत. त्यांस कोणी धरीत नाही. येथे मनूच्या कथेतील तिसरी पायरी आधीच गाठलेली आहे. मासा आपल्या पाण्यात, आणि पाहणारा त्याच्या दारी. १९९६ साली शिशिल येथे कोणा दुष्टांनी नदीत विष कालविले व असंख्य मासे मेले. तेव्हा तेथील लोकांनी त्यांचे स्मारक उभारले. ज्या माशांस काचेत कधीच कोंडले नव्हते, त्यांच्यासाठी माणसे रडली. टाकीतला मासा मेला तर त्या जागी दुसरा सोडतात, आणि त्यापुढेही चित्रे निघत राहतात.

मग मत्स्यालये बंद करावीत काय? आमचे मत तसे नाही. औराद, भालकी, आळंद, चिंचोळी येथील बालकास समुद्राचा जीव डोळ्यांनी दिसण्याची दुसरी वाट आज जवळजवळ नाही, आणि जे कधी पाहिलेच नाही त्याविषयी ममता उपजणे कठीण. काचपेटीचा उगमही हौसेत नव्हता. १८३२ साली सिसिलीत जान व्हिलप्रो-पॉवर ह्या फ्रेंच बाईंनी अष्टपादाच्या जातीतला एक नाजूक शिंपल्याचा जीव पाण्यासह काचेत ठेवला, तो एका प्रश्नाच्या उत्तरासाठी: हा जीव आपले शिंपले स्वतः घडवितो, की दुसऱ्याचे बळकावतो? तो स्वतःच घडवितो, हे त्यांनी सिद्ध केले. त्या काचेमागे जिज्ञासा होती, आणि पाहणे संपल्यावर त्या जीवाविषयी जगास आधीपेक्षा अधिक काही ठाऊक झाले. काच सार्थ ठरते ती अशाने.

तेव्हा मुलास मत्स्यालयात जरूर न्यावे, आणि त्याने चित्र घेतले तर अडवूही नये. फक्त चार गोष्टी त्यास सांगाव्यात. दिवा लावू नकोस, काच ठोकू नकोस. आधी पुरते पाहा: तो कसा वळतो, कोठवर जाऊन परततो, एकटा आहे की सोबतीने. मग चित्र घे. आणि त्यांतल्या एका तरी चित्रात टाकीची कड, नळी, पाटी, जमले तर काचेतले तुझे प्रतिबिंबही येऊ दे. चित्र थोडे कमी सुंदर दिसेल, पण ते पाहून कोणीतरी विचारील की, एवढ्याशा जागेत हा कसा राहतो? पुढे तोच प्रश्न प्रदर्शनाच्या चालकास, नगरपालिकेस, कायदा करणारांस विचारला जाईल. भांडी मोठी होतात ती अशा प्रश्नांनीच. ज्या चित्रात काच दिसत नाही, ते पाहून हा प्रश्न कोणाच्याही मनात येणार नाही. आणि लहान भांड्यातला मासा तेथेच राहील.